लोखंडी पेटी



अंबरनाथच्या कारखान्यांकडे जाताना लांबलचक ट्रक दिसतात. त्यांच्यावर मोठी लोखंडी पेटी असते. तिला कंटेनर म्हणतात. तिची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

आमच्या लहानपणी बदलापुरात शेजारचे काका मुंबईच्या गोदीत कामाला होते. तेव्हा माल पोत्यांतून, खोक्यांतून, पिंपांतून जाई. माणसे तो पाठीवर वाहत. यारीने तो बोटीत उतरवत. एक बोट भरायला कित्येक दिवस लागत. माल भिजे, फुटे, चोरीलाही जाई.

अमेरिकेत माल्कम मॅकलीन नावाचे एक ट्रकमालक होते. ते म्हणाले, एकेक पोते कशाला उचलायचे? सगळी पेटीच उचलू या! २६ एप्रिल १९५६ रोजी त्यांची बोट ५८ पेट्या घेऊन निघाली. माल चढवण्याचा खर्च एकदम उतरला. रुपयाचे काम तीन पैशांत झाले म्हणा ना!

पुढे देशादेशांनी मिळून पेटीची मापे ठरवली. २० फुटी आणि ४० फुटी पेट्या जगभर चालू लागल्या. तीच पेटी ट्रकवर बसते, रेल्वेवर बसते, बोटीवरही बसते. मधे माल काढावा-भरावा लागत नाही. त्यामुळे आमच्या भागातल्या कारखान्यांना दूरचे गिऱ्हाईक मिळाले. तसाच परदेशी स्वस्त माल उल्हासनगरच्या दुकानांतही आला.

१९८९ साली उरणजवळ न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्या बंदरासाठी जुन्या शेवा गावच्या लोकांना घरेदारे सोडावी लागली. मुंबईच्या गोदीतली पाठीवरची बरीच कामे गेली. शेजारच्या काकांच्या मुलाला बापाचे काम मिळाले नाही. माल स्वस्त झाला खरा. पण त्याची किंमत कोणी मोजली, हे विसरू नये.

मग आपण काय करावे? पेटीच्या दारावर चार इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे असतात. दाराच्या सीलवरही नंबर असतो. हे नंबर कागदाशी ताडून पाहावे लागतात. एक आकडा चुकला, तर पेटी अडकते. हे काम पाठीचे नाही, डोळ्यांचे आहे. ज्याला वाचता येते, तोच ते करू शकतो.

उद्या रस्त्यात पेटी उभी दिसली, तर थांबा. तिच्यावरचे सात आकडे मोठ्याने वाचा. सोबत मुले असतील, तर त्यांनाही वाचून दाखवा.