माघ-फाल्गुनातील शाळेची परसबाग
(केंद्रातील शिक्षकांच्या परिषदेत केलेले भाषण)



बागेविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे वक्ता बहुधा पावसाळ्यापासून आरंभ करतो. वृक्षारोपणाचा समारंभ पावसाळ्यात, खड्डे पावसाळ्यात, छायाचित्रेही पावसाळ्यातच. परंतु शाळेच्या बागेची खरी परीक्षा माघ आणि फाल्गुन ह्या दोन महिन्यांत होते. थंडी ओसरू लागलेली असते, पिंपळ आणि निंब पाने गाळीत असतात, हिवाळी भाजी संपत येते आणि उन्हाळी भाजीचे बी मातीत घालावयाचे की नाही हा निर्णय ह्याच वेळी करावा लागतो. ‘की नाही’ हे शब्द मी मुद्दाम उच्चारले. त्यामागे माझा एक अनुभव आहे, तो प्रथम सांगतो.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट. शाळा लहान, गाव कोरडवाहू. तपासणी मार्चमध्ये होणार असे कळले होते. मी उत्साहाच्या भरात फेब्रुवारीच्या अखेरीस आठ वाफे आखले आणि भेंडी, गवार, काकडी, दुधी असे सर्व काही पेरले. मुले गावच्या विहिरीवरून घागरी आणीत. तपासणीच्या दिवशी वेल मांडवावर चढलेले होते आणि शेराही उत्तम मिळाला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीने तळ गाठला. एके सकाळी तिसरीतला एक मुलगा रिकामी घागर घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, आई म्हणती, शाळेच्या भोपळ्याला पाणी आहे आन् आम्हाला न्हाई.” त्या दिवसापासून मी बागेचे पाणी बंद केले. वेल आठ दिवसांत करपले. ते काढून टाकताना मुलांचे चेहरे कसे झाले होते ते मला अजून आठवते. त्या मुलाच्या आईचे म्हणणे रास्त होते. चूक माझी होती, आणि ती एप्रिलमध्ये नव्हे तर फेब्रुवारीत झाली होती.

म्हणून बी हाती घेण्यापूर्वी गणित करावे, आणि ते मुलांकडूनच करून घ्यावे. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दररोज सुमारे सहा लिटर पाणी लागते असे धरून चालावे. आता शाळेत वाया जाणारे पाणी किती ते मोजावे. मध्यान्ह भोजनाची योजना 1995 साली सुरू झाली, आणि आज तिचे नाव बदलले असले तरी भांडी, तांदूळ आणि हात धुण्याचे पाणी शाळेत रोज सांडतेच. साठ मुलांच्या शाळेत प्रत्येकी अर्धा लिटर धरले तरी तीस लिटर झाले. तीस भागिले सहा, म्हणजे पाच चौरस मीटर. एक मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब असे दोन वाफे! आपल्या शाळेच्या उन्हाळी बागेची मर्यादा एवढीच. आठ वाफ्यांचा मोह होतो, तो आवरावा. साबणाचे पाणी मात्र पालेभाजीला न देता केळीच्या किंवा अळवाच्या बुंध्याशी सोडावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी वाफ्याला द्यावे.

दुसरे गणित दिवसांचे. मे महिन्याच्या आरंभी सुटी लागते. भेंडी पेरल्यापासून साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी तोडणीस येते. 5 फेब्रुवारीला पेरलेली भेंडी मार्चच्या अखेरीस निघू लागेल आणि महिनाभर मुलांच्या ताटात पडेल. तीच 10 मार्चला पेरली तर पहिली तोडणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येईल, आणि पुढची भेंडी शेळ्या खातील. दुधी, दोडका, कारले ह्यांना पहिले फळ येण्यास दोन महिन्यांच्या आसपास अवधी लागतो. त्यांचा हिशेब ह्याहून कडक. मार्च उजाडल्यावर काही पेरावयाचेच असेल तर माठ किंवा राजगिरा पेरावा. तो महिन्याच्या आत काढणीस येतो आणि उन्हाला डगमगत नाही.

येथे कोणी विचारील की मग जानेवारीतच का पेरू नये? कोकणात पेरावे, तेथे थंडी बेताची. देशावर आणि विशेषतः नाशिककडे रात्री गारठा असतो तोपर्यंत वेलवर्गीय भाज्यांचे बी उगवत नाही, ओल्या मातीत कुजते. ह्यावर घरोघरच्या आयाबायांना ठाऊक असलेला उपाय असा की, बी रात्रभर पाण्यात भिजवावे, ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळच्या उबेला ठेवावे आणि मोड दिसू लागले की लावावे. कारल्याचे कवच फार टणक असते. त्याला ह्या उपचाराची विशेष गरज. मोड येण्याचा हा प्रकार वर्गात दाखवावा. पाठ्यपुस्तकातील अंकुरणाच्या चित्रापेक्षा फडके सोडण्याच्या क्षणी मुले अधिक शिकतात.

वेलांना प्रथम नुसती नर फुले येतात आणि ती गळून पडतात. त्यामुळे मुले, आणि कधी शिक्षकही, हिरमुसतात. घाबरण्याचे कारण नाही. मादी फुले मागाहून येतात. मादी फुलाच्या खाली बोटाएवढे किंवा त्याहून लहान फळ आधीच दिसते, ही खूण मुले एकदा सांगितली की विसरत नाहीत. आसपास मधमाशा कमी असतील तर नर फूल तोडून त्याचा केसर मादी फुलाला हलकेच लावावा. तांबड्या भोपळ्याचे व काकडीचे फूल सकाळी उमलते, तेव्हा सकाळच्या शाळेत हा प्रयोग सहज होतो. दुधीचे व दोडक्याचे फूल सायंकाळी उमलते. ते काम शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलीकडे सोपवावे. आपण स्वतः लावलेल्या फुलाला दोरा बांधून त्याचा भोपळा होतो की नाही हे ती रोज पाहू लागली, म्हणजे तिची हजेरी वेगळी घ्यावी लागत नाही.

आता पानगळीविषयी. शाळेचे अंगण झाडावे आणि पाला कोपऱ्यात पेटवून द्यावा ही रीत इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे आपणांस वाटतच नाही. वास्तविक माघातला पाला म्हणजे बागेचे भांडवल. त्यातला काही भाग झाडांच्या व वेलांच्या बुंध्याभोवती दोन-तीन बोटे जाड पसरावा, मात्र खोडाला चिकटवू नये आणि वाळवीवर नजर ठेवावी. ह्या आच्छादनाने माती तापत नाही व ओल टिकते. उरलेला पाला खड्ड्यात जावा. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी इंदूर येथे ज्या पद्धतीचा अभ्यास केला, तिच्यावरील 1931 सालच्या पुस्तकात त्यांच्याबरोबर यशवंत वाड ह्यांचेही नाव आहे, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पाला, शेण, थोडी माती व राख ह्यांचे थर द्यावे, ओल ठेवावी आणि तीन वेळा उलथापालथ करावी, एवढेच तिचे सार आहे. फाल्गुनात भरलेला खड्डा जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा खताने तयार असतो. सागाचा व आंब्याचा पाला लवकर कुजत नाही. तो चुरून घालावा. एक सावधगिरी सांगून ठेवतो. जुन्या पाल्याच्या ढिगात विंचू असतात. मुलांना त्यात हात घालू देऊ नये, दाताळे किंवा काठी वापरावी, आणि पहिला ढीग शिक्षकाने स्वतः उपसावा.

किडींचे थोडक्यात सांगतो. ह्या दिवसांत पावट्यावर मावा व काकडीवर भुरी दिसते. मावा असलेला शेंडा खुडून टाकला की अर्धे काम होते. उरलेल्यासाठी वाळलेल्या निंबोळीच्या बियांचा पन्नास ग्रॅम भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवावा, फडक्याने गाळावा, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावा. मुलांच्या शाळेत विषारी औषध आणूच नये. भुरीची पाने काढून टाकावी आणि वेल दाट होऊ देऊ नयेत.

हिवाळी भाजीतील सर्वच रोपे उपटून वाफा मोकळा करण्याची घाई करू नये. मेथी, कोथिंबीर आणि पावटा ह्यांची दोन-चार जोमदार झाडे बियांसाठी राखावी. टोमॅटोचा गर एक-दोन दिवस भांड्यात आंबवून मग धुतला की बी स्वच्छ सुटते. ते सावलीत वाळवावे. शेवग्याच्या शेंगा ह्याच काळात येतात. शेंगा संपल्यावर छाटणी करावी आणि निघालेल्या जाड फांद्या सावलीत ठेवाव्या. पाऊस पडताच त्यांतून नवी झाडे उभी राहतात. ज्यांच्या आवारात डाळिंब असेल त्यांनी आंबे बहाराच्या नादी लागू नये. तो जानेवारी-फेब्रुवारीत धरतात खरे, पण त्याला सबंध उन्हाळा पाणी हवे. आपल्याला मृग बहारच पेलणारा.

राहिला प्रश्न सुटीचा. वाफे एप्रिलअखेर मोकळे करावे आणि फक्त झाडे राखावी. त्यांच्यासाठी मडक्याचा उपाय आहे. न भाजलेले नव्हे, तर भाजलेले पण झिलई नसलेले साधे मातीचे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरावे, पाणी भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. पाणी पाझरत राहते, उडून जात नाही. दर दोन-चार दिवसांनी मडके भरण्याची पाळी घरे जवळ असलेल्या मुलांना वाटून द्यावी. मात्र पालकांना आधी विचारावे. ज्या घरी पाणी टँकरने येते तेथील मुलाला पाळी देऊ नये.

मेजावर चवळीच्या बियांच्या पुड्या ठेवल्या आहेत. चवळी बहुतांशी स्वपरागी असल्याने तिचे बी घरच्या घरी धरता येते. प्रत्येक शाळेने एक पुडी न्यावी. ज्यांच्या हिशेबात एकच वाफा बसतो त्यांनी अर्धी न्यावी आणि उरलेली शेजारच्या शाळेस द्यावी.