‘टेन्शन’ या शब्दापासून



गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेली स्त्री ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा म्हणत नाही. झोप लागत नाही, अंगात त्राण उरलेले नाही, अशा तक्रारी ती सांगते. फार तर ‘टेन्शन आहे’ म्हणते. उपचार करणाऱ्याची पहिली परीक्षा येथेच होते. तिचा शब्द खोडून ग्रंथातला शब्द तिच्या हाती द्यायचा, की तिचाच शब्द धरून पुढे जायचे?

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. तिच्या समुपदेशकांनी दुसरा मार्ग धरला. ते मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. निवडलेले, शिकवलेले आणि देखरेखीखाली काम करणारे सामान्य लोक होते. त्यांची पद्धत मात्र कल्पनेतून आलेली नव्हती. खचलेला मनुष्य एकेक गोष्ट सोडत जातो: शेजारणीकडे जाणे, देवळात जाणे, आवडीचे काम. जे सोडले त्यातून मिळणारा विसावाही जातो आणि मन अधिकच खचते. म्हणून उमेद येण्याची वाट न पाहता आधी छोटी कृती ठरवायची. अशा कृतीवर बेतलेला उपचार एकटाही पुरेसा ठरू शकतो, हे अमेरिकेत नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्येच दाखवले होते. पण कोणती कृती, हे तेथील पुस्तक कसे सांगणार? ते त्या स्त्रीलाच विचारावे लागते.

गोव्यातील 10 आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर या पद्धतीची चाचणी झाली. निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते. ते न मिळता केवळ डॉक्टरांचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. पहिल्या गटातही शंभरांतील छत्तीस जण बरे झाले नव्हते, हेही त्याच आकड्यांत आहे. त्याआधीच्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ चाचणीत सरकारी केंद्रांत चांगला गुण आला, खासगी दवाखान्यांत ठळक फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी छापल्या गेल्या. अपयश लपवणाऱ्या उपचारकापेक्षा असा उपचारक अधिक भरवशाचा.

पुराव्याचा आग्रह धरणारा उपचारक रुक्ष असतो आणि सर्वांना सामावून घेणारा शास्त्राशी सैल, असा एक समज आहे. तो खरा नाही. समोरच्या माणसाची भाषा, जात, घरातले स्थान, त्याचा लैंगिक कल यांकडे डोळेझाक केली, तर उपचारकाला मिळणारी माहितीच अपुरी राहते. भीतीपोटी अर्धेच सांगितलेल्या दुखण्यावर कोणती पद्धत चालेल? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात यांवरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा हक्क मानला आहे. समलैंगिकता हा आजारच नाही. मुलाला त्यातून ‘बरे’ करण्याचे आश्वासन देणाऱ्याच्या दारातून पालकांनी परत फिरावे.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार तीव्र नैराश्याच्या सुमारे 85 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. त्यामुळे दार ठोठावण्याचे धैर्य ज्याने केले, त्याचे तेथे काय होते याला फार मोल आहे. पद्धत कोणती, ती कशासाठी निवडली, सुधारणा कशी मोजणार, गुण न आल्यास पुढे काय, हे प्रश्न पालकांनी पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारावेत. चांगला उपचारक त्याने दुखावत नाही; काही बैठकांनंतर तो स्वतःच ‘फरक पडतो आहे का?’ असे विचारतो आणि उत्तर नकारार्थी आले तर दिशा बदलतो.

महाराष्ट्राबाहेर मराठीत शिकलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतो. घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी, महाविद्यालयात तिसरी. हिशेब इंग्रजीत सहज मांडणारा तरुण आजीच्या मृत्यूविषयी कदाचित मराठीतच बोलू शकेल. घरच्यांपासून लपवलेले प्रेम मात्र त्याला मराठीत उच्चारणेही जड जाईल. कोणत्या भाषेत बोलायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही 14416 क्रमांकाची सेवा 2022 पासून अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. तो क्रमांक घरात सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा. फोन कोणी केला, याची चौकशी करू नये.