कंपवात आणि चुंबकाचा उपचार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आमच्या सासूबाईंना सहा वर्षांपासून कंपवात आहे, आणि ज्या घरात दुखणे असते त्या घराला त्याची माहिती करून घ्यावीच लागते. ती आज आपणापुढे ठेवते.

या दुखण्याचे वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली केले, म्हणून त्याला पार्किन्सन्स म्हणतात. मेंदूतील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या झिजल्या की हालचालीचा ताल बिघडतो. हात थरथरतो, भाकरी थापणे मंदावते, उंबरठ्याशी पाय खिळून राहतो. मनही उदास होते. त्याला रुसवा समजू नये. मात्र प्रत्येक थरथर म्हणजे कंपवात नव्हे, तेव्हा निदान डॉक्टरांनीच करावे. मुख्य औषध म्हणजे लेव्होडोपाच्या गोळ्या.

गेल्या वर्षी एका नातेवाइकांनी एक जाहिरात आणून दिली. "चुंबकाने कंप मुळापासून बरा, चिरफाड नाही," असे तीत छापले होते. खर्च ऐकून घर गप्प झाले. सासूबाई म्हणाल्या, "हात थांबत असेल तर माझ्या पाटल्या मोडा. ठेवून काय करायच्या?" भगिनींनो, पाटल्या त्यांच्या माहेरच्या. म्हणून आधी नीट चौकशी करायची असे आम्ही ठरवले आणि संभाजीनगरला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी सांगितले ते असे. हा उपचार खोटा नाही. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी १९८५ साली त्याचे यंत्र दाखवले. डोक्याला तारेचे वेटोळे लावतात. त्यातून विजेचे झटपट ठोके सोडले की चुंबकशक्ती कवटीतून आत जाते आणि मेंदूत अगदी थोडी वीज खेळते. रोगी खुर्चीत जागा असतो, टकटक आवाज ऐकतो. अशा बैठका पुष्कळ दिवस कराव्या लागतात. दुसऱ्या एका प्रकारात डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवून एक-दोन मिलिअँपिअर एवढा मंद प्रवाह सोडतात. कवटीला भोक पाडून मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया याहून वेगळी.

अमेरिकेत २००८ साली हे चुंबकयंत्र उदासीनतेच्या आजारासाठी मंजूर झाले. कंपवाताच्या काही रोग्यांची हालचाल त्याने थोडी सुधारते, उदासीही कमी होते. परंतु सर्वांना सारखा गुण येत नाही, आणि आलेला गुण काही काळाने ओसरतो. पेशींची झीज त्याने थांबते असे अद्याप सिद्ध झालेले नाही. तेव्हा "मुळापासून बरा" हे शब्द खरे नाहीत.

पाटल्या पेटीतच राहिल्या. पुढेमागे डॉक्टरांनीच सुचवले तर विचार करू. तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारा: गुण कशात येईल आणि किती दिवस टिकेल? बैठका किती, एकूण खर्च किती? डोक्यात धातू असेल, फेफरे येत असेल किंवा हृदयाला यंत्र बसवले असेल, तर तेही आधी सांगा. गोळ्या बंद करा असे कोणी म्हटले तर तेथून उठून या. त्या एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. घरी बॅटरी लावून प्रयोग तर मुळीच करू नयेत.

बिनखर्चाचेही पुष्कळ करता येते. उंबरठ्याजवळ खडूच्या आडव्या रेघा ओढल्या की खिळलेला पाय त्या ओलांडायला उचलतो. एक-दोन मोजत चालणे, टाळीच्या तालावर हात हलवणे, हेही उपयोगी पडते. काहींना वरण-दुधाबरोबर गोळी नीट लागू पडत नाही, म्हणून तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रोगी आणि त्यांच्या घरची माणसे तेथे एकत्र जमून एकमेकांना धीर देतात. आपलेही मंडळच आहे. आपल्या देवगावात ज्यांच्या घरी असे माणूस असेल त्यांनी लाजू नये, सांगावे. आठवड्यातून एकदा अशा सर्वांना मंडळाच्या ओसरीवर बसवून टाळ्या वाजवून व्यायाम घ्यावा, अशी माझी सूचना आहे. अध्यक्षीणबाईंनी तिचा विचार करावा.