घर आणि बालवाडी यांमधील वाट

लहान मुलाचे शिक्षण म्हटले की दोन स्त्रिया डोळ्यांपुढे येतात : एक त्याची आई आणि दुसरी त्याची बाई. ह्या दोघींमधील वाट कोणी चालायची आणि ती चालण्याचे शिक्षण कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वस्तुतः बालवाडीत मूल दिवसातून काही तासच असते. उरलेला सारा वेळ ते घरी, शेजारी, शेताच्या बांधावर, नाही तर बांधकामाच्या जागेवर असते. त्याची भाषा, भूक, भीती आणि हौस घरीच घडत असते. म्हणून घराशी नाते जोडणे हे बालवाडीचे फावल्या वेळचे काम नव्हे. तो तिच्या मूळ कार्याचा भाग आहे. आणि मूळ कार्य असेल, तर ते केवळ सद्भावनेवर सोपवून चालणार नाही. त्यासाठी शिक्षण हवे.

ही जाणीव आपल्या देशात नवी नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी मुलांइतकाच त्यांच्या आईबापांचा विचार केला आणि पालकांसाठी स्वतंत्र लेखन केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 1926 साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे ते कार्य मराठी प्रदेशात रुजविले. शहरातील सुशिक्षित घरांत ह्या विचाराचे स्वागत झाले. खरी कसोटी 1945 साली लागली. त्या वर्षी ताराबाईंनी, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी गावी, ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

शाळा उघडली म्हणून मुले आली, असे तेथे घडले नाही. तेव्हा मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, असा निर्णय ह्या दोघींनी घेतला. पाड्यावरच्या अंगणात गाणी, खेळ आणि गोष्टी सुरू झाल्या. अंगणात चालणारी शाळा दारातून दिसते. चुलीपाशी बसलेल्या आईला ती परकी राहत नाही. पुढे 1957 च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरू लागली. घराला मुलाच्या श्रमाची गरज आहे, ही गोष्ट त्यांनी दोष म्हणून पाहिली नाही. वस्तुस्थिती म्हणून स्वीकारली आणि शाळेची वेळ व जागा बदलली.

ह्या प्रयोगांतून प्रशिक्षणाचा पहिला धडा मिळतो. कार्यकर्तीने प्रश्नाची दिशा पालटावयाची असते. 'हे आईबाप मुलाला का पाठवीत नाहीत?' असे न विचारता 'आपल्या शाळेत असे काय आहे, की ह्या घराला ती आपली वाटत नाही?' असे विचारावयाचे असते. हा बदल वाटतो तितका सोपा नाही. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्यास उपदेश करण्याची सवय असते, आणि ती मोडण्यासाठीच शिक्षण लागते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. प्रत्येक अंगणवाडीत एक सेविका व एक मदतनीस असते. अनेक अंगणवाड्यांवर मिळून एक पर्यवेक्षिका असते. महाराष्ट्रात तिला मुख्यसेविका म्हणतात. कुटुंबाशी असलेल्या नात्याची व्यवस्था पाहणारी व्यक्ती हीच. परंतु तिच्या कामाकडे बहुधा तपासनिसाचे काम म्हणून पाहिले जाते. नोंदवह्या, धान्याचा हिशेब, वजनाचे आकडे आणि 2021 पासून भ्रमणध्वनीवरील पोषण ट्रॅकर, यांतच भेटीचा वेळ सरतो. येथेच खरी अडचण आहे. मुख्यसेविका सेविकेला केवळ आकडे विचारील, तर सेविकाही घरी जाऊन आकडेच पाहील. सेविकेशी जसे वागले जाते, तसेच ती आईशी वागू लागते.

एक साधे उदाहरण घ्यावे. मुलाच्या वाढीच्या तक्त्यावर रेषा खाली उतरली आहे. सेविका दारात उभी राहून म्हणते, "वजन घटलंय बघ पोराचं. जरा लक्ष देत जा त्याच्याकडं." आई मान खाली घालते. पुढच्या महिन्यात वजनाच्या दिवशी ती मुलाला आणीतच नाही, कारण चारचौघींत पुन्हा बोल ऐकण्यापेक्षा न जाणे तिला बरे वाटते. नोंदवहीत 'गैरहजर' एवढी नोंद होते, आणि ज्या मुलाला अंगणवाडीची सर्वांत अधिक गरज आहे तेच तिच्यापासून दुरावते.

हीच सेविका आत येऊन बसली आणि तिने विचारले, "दिवसभर पोराला कोण बघतं? दुपारी जेवू कोण घालतं?" तर कदाचित कळेल, की आई पहाटेच मजुरीला जाते आणि मूल आठ वर्षांच्या बहिणीपाशी असते. मग दोष आईच्या निष्काळजीपणाचा उरत नाही आणि उपायही बदलतो. शेजारच्या आजीशी बोलणे, बहिणीच्या शाळेची चौकशी करणे, मुलाचा आहार वेळेवर त्याच्या मुखी पडेल अशी तजवीज करणे, ही कामे समोर येतात. माहिती तीच; परंतु पहिल्या भेटीत ती आरोप झाली आणि दुसऱ्या भेटीत मदत झाली.

असे विचारणे शिकविता येते. वर्गात एकीने आई व्हावे, दुसरीने सेविका व्हावे आणि इतरांनी तो संवाद ऐकून चर्चा करावी. व्याख्यानापेक्षा हा सराव अधिक उपयोगी पडतो. घरात आधीच काय चांगले आहे, हे ओळखण्याची दृष्टीही द्यावी लागते. अंगाई, बडबडगीते, भाकरी थापताना मुलाला दिलेला पिठाचा गोळा, आजीची गोष्ट, ही बालशिक्षणाचीच साधने आहेत, हे कार्यकर्तीला उमगले म्हणजे ती आईजवळ रिकाम्या हातांची म्हणून पाहत नाही. एका घरातील दुःख दुसऱ्या घरी न बोलण्याचे पथ्य तिने पाळले पाहिजे. मुख्यसेविकेने तर आणखी एक गोष्ट शिकावयास हवी : सेविकेबरोबर घरी जावे, तेथे शांत बसावे आणि चूक दिसली तर ती आईसमोर नव्हे, परतीच्या वाटेवर सांगावी.

अमेरिकेत 1965 च्या उन्हाळ्यात गरीब घरांतील मुलांसाठी 'हेड स्टार्ट' हा उपक्रम सुरू झाला. त्याच्या धोरण-मंडळात बहुसंख्य सभासद पालकच असावेत, असा तेथे नियम आहे. 2016 साली तेथील नियमांत कुटुंब-सेवेच्या व्यवस्थापकांसाठी पदवी आवश्यक ठरली. कुटुंबांशी प्रत्यक्ष काम करणाऱ्या नव्या सेवकांना नेमणुकीपासून अठरा महिन्यांत त्या विषयातील प्रमाणपत्र मिळविण्याचे बंधन आले. आपल्या परिस्थितीत हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. तथापि दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. कुटुंबाशी नाते जोडणे हे शिकून करावयाचे काम म्हणून तेथे मान्य झाले. आणि पालकांना सल्ल्याबरोबर निर्णयाचा अधिकारही मिळाला.

भारतातही पावले पडत आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला. 2023 साली 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम आला. 2024 साली 'नवचेतना' हा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीचा आराखडा प्रसिद्ध झाला. ह्या वयाचे मूल घरीच असल्याने त्यात गृहभेटीला स्वाभाविकच महत्त्व आहे.

परंतु वर्ग भरविले म्हणजे काम संपले, असे नाही. सेविकेला आजही वेतन नव्हे, मानधन मिळते, आणि तिच्यावरील कामांची यादी वाढतच असते. तिला घरी बसून ऐकावयास सांगावयाचे, तर त्यासाठी वेळही द्यावा लागेल. मुख्यसेविकेच्या तपासणीत 'किती घरे झाली?' ह्या प्रश्नाशेजारी 'त्या घरी काय समजले?' हा प्रश्न यावा लागेल. प्रशिक्षणाची परीक्षा प्रमाणपत्रांच्या संख्येने होणार नाही. वजनाच्या दिवशी लाजेने घरी राहिलेली आई पुढच्या महिन्यात मुलाला कडेवर घेऊन अंगणवाडीत आली, तर ते शिक्षण सार्थकी लागले असे म्हणता येईल.