पाच हजार मशीन आणि एक वही

आज बोलूया कुबरनेटीसवर. दहा-वीस मशीनच्या नाही, हजारो मशीनच्या क्लस्टरवर.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ॲप कंटेनरमध्ये भरायचं. ते कुठल्या मशीनवर चालवायचं आणि मशीन मेली तर दुसरीकडे कुठे उभं करायचं, हे कुबरनेटीस बघतं. गूगलने २०१४ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं.

मला नेहमी विचारतात, "क्लस्टर किती मोठा करता येतो?" कुबरनेटीसच्या माहितीपानांवर आकडे दिलेत: ५,००० नोड, १,५०,००० पॉड, एका नोडवर ११० पॉड. आता गंमत बघा. ५,००० गुणिले ११० म्हणजे साडेपाच लाख. पण मर्यादा दीड लाखाचीच! म्हणजे ५,००० नोड लावले तर सरासरी ३० पॉड. मशीनवर जागा आहे, मग अडतं कुठे?

अडतं मधोमध. क्लस्टरची सगळी नोंद एटसीडी नावाच्या एका डेटाबेसमध्ये असते. ती वही समजा. वहीपर्यंत जायची खिडकी एकच, एपीआय सर्व्हर. मशीन वाढल्या की खिडकीसमोरची रांग वाढते.

ओपनएआयने २०१८ मध्ये २,५०० नोडपर्यंत जातानाचा अनुभव लिहिला होता. ५०० नोडनंतर त्यांचा क्लस्टर रखडायला लागला. एटसीडी नेटवर्कवरच्या डिस्कवर होतं, एका नोंदीला सुमारे २ मिलिसेकंद लागत होते. मशीनमधल्याच डिस्कवर हलवल्यावर वेळ दहाव्या भागावर आला. मग १,००० नोडच्या पुढे पुन्हा तेच! या वेळी कारण वेगळं होतं. लॉग आणि मॉनिटरिंगची टूल्स प्रत्येक नोडवरून एपीआय सर्व्हरला सारखी विचारत होती. ते विचारणं कमी केलं आणि क्लस्टर मोकळा झाला. म्हणजे क्लस्टरवर नजर ठेवणारी टूल्सच त्याला दमवत होती.

म्हणून मोठा क्लस्टर उभारताना मी चार गोष्टी बघतो.

एक, एटसीडीला वेगवान डिस्क, आणि सदस्य ३ किंवा ५. चार ठेवून फायदा नाही. बहुमत लागतं, त्यामुळे तीनात एक गेला तरी चालतं, आणि चारातही एकच.

दोन, इव्हेंटच्या नोंदी वेगळ्या एटसीडीमध्ये. त्या खूप येतात, पण जपून ठेवायच्या नसतात.

तीन, प्रत्येक नोडवर काहीही नवीन टाकण्याआधी विचारा, हे खिडकीवर किती वेळा जाणार? एका नोडवर किरकोळ वाटणारी गोष्ट पाच हजारांवर पूर आणते.

चार, एटसीडीचा बॅकअप. आणि नुसता घेऊ नका, रिकाम्या क्लस्टरवर परत चढवून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर मी तरी विसंबत नाही.

हे मधलं बंद पडलं तर काय होतं? चालू पॉड बहुतेक चालूच राहतात, म्हणून सुरुवातीला कुणाला कळतही नाही. पण नवीन काही लागत नाही, आणि एखादी मशीन मेली तर तिच्यावरचं काम दुसरीकडे जात नाही. सगळं एकाच क्लस्टरवर असेल तर हा फटका एकदम सगळ्यांना.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ५,००० नोडचा एक क्लस्टर मिरवण्यापेक्षा ५०० चे दहा बरे. कटकट वाढते, मान्य. पण एक वही फाटली तर नऊ शिल्लक राहतात.

तुमच्याकडे किती नोड आहेत, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!