घर्षण आणि गतीचे नियम

पाठ्यपुस्तकातील बर्फ बदलापूरच्या मुलाने पाहिलेला नसतो. लोकल तो रोज पाहतो. अंबरनाथ सोडल्यावर चालक वाटेत वीजप्रवाह तोडतो, तरी गाडी धावतच राहते. ‘जोर संपला की गती संपते’ ही समजूत येथेच ढळावी. बाह्य बलावाचून वेग बदलत नाही, हा न्यूटनचा १६८७ सालचा पहिला नियम. पोलादी रुळावर चाकास विरोध अल्प, म्हणून गाडी दूरवर जाते. घर्षण मुळीच नसते तर ती थांबविता आली नसती. पण सुटलीही नसती! चाकाने रूळ मागे रेटावयाचा, रुळाने चाक पुढे: तिसऱ्या नियमातील ही जोडी येथे घर्षणानेच घडते. उल्हासनगरच्या फलाटावर धावत्या गाडीतून उतरणाऱ्याचे पाय घर्षणाने अडतात. धडाचा वेग गाडीचाच राहतो आणि मनुष्य तोंडघशी पडतो.