बँकेने नाही म्हटल्यानंतर

(चंद्रपूर-गडचिरोलीच्या कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतून नकार घेऊन कास्तकार बाहेर पडला की तो सरळ घरी जात नाही. घरी काय सांगायचे, हा प्रश्न असतो. तो बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा घेतो. तिथे त्याला कोणीतरी विचारते, "काय झालं भाऊ, जमलं नाही का?" हा विचारणारा माणूस बहुतेक वेळा सावकाराचा असतो. आज आम्हाला त्या टपरीवरच्या पंधरा मिनिटांबद्दल आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांबद्दल बोलायचे आहे. जमीन जाते ती बहुधा त्याच दिवसांत जाते. बँक नाही म्हणते म्हणून कोणाचे वावर जात नाही. नाही म्हटल्यावर घाईत जी सही होते, तिने वावर जाते.

वरोरा तालुक्यातली गोष्ट आहे. गावाचे नाव घेत नाही, माणूस याच सभेला आलेला असू शकतो. सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी, तूर आणि बैलांच्या कडब्यापुरती ज्वारी. जून २०२३ मध्ये त्याने विहीर आणि मोटारीसाठी जमीन गहाण ठेवून तीन लाखांचे कर्ज मागितले. बँकेने तोंडी सांगितले, "तुमच्या सातबाऱ्यावर आधीचा बोजा आहे, जमणार नाही." बोजा कोणाचा? भूविकास बँकेचा. बापाने कधीकाळी विहीर खोदायला घेतलेल्या कर्जाचा. त्या विहिरीला पाणी लागलेच नव्हते, कर्ज मात्र सातबाऱ्यावर राहिले. मिरग लागलेला, बियाणे घ्यायचे बाकी, पोराच्या कॉलेजची फी डोक्यावर. आठव्या दिवशी त्याने दोन एकराचे खरेदीखत करून दिले आणि ८० हजार रुपये घेतले. बोली तोंडी होती, पैसे दिले की वावर परत करून देतो.

आता यातली मेख ऐका. जमीन गहाण घेऊन विहीर, मोटार, बांधबंदिस्तीसाठी लांब मुदतीचे कर्ज देणे हेच भूविकास बँकेचे काम होते. ती बँक सरकारने गुंडाळली. तिच्या उरलेल्या ३४,७८८ कर्जदारांचे सुमारे ९६४ कोटी रुपयांचे कर्ज ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने माफ केले. म्हणजे ज्या कर्जाच्या नावाने जून २०२३ मध्ये या माणसाला नकार मिळाला, ते कर्ज आठ महिन्यांपूर्वीच संपलेले होते! उरली होती ती फक्त सातबाऱ्याच्या इतर हक्कातली एक ओळ. ती कमी करायला एक दाखला आणि तलाठ्याकडे एक अर्ज लागत होता. त्या एका ओळीपायी दोन एकर दुसऱ्याच्या नावावर गेले.

यात आमचीही चूक आहे, ती कबूल केली पाहिजे. त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही त्या गावात गेलो होतो. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेले, त्यामुळे तोंड उघडले की पिकावर बोलतो. गुलाबी बोंडअळी आणि कामगंध सापळे यांवर दोन तास बोललो. "सातबारा शेवटचा कधी काढला होता?" एवढे एक वाक्य कोणाला विचारले नाही. ते विचारले असते तर बोंडअळीच्या दोन तासांपेक्षा जास्त उपयोग झाला असता.

तर नकार आला की पहिले काम, तो कागदावर मागा. बँकवाले तोंडी नाही म्हणतात, कारण तोंडी नकाराला उत्तर नसते. पण रिझर्व्ह बँकेची २००३ सालची सूचना आहे की कर्जाच्या अर्जाची पोच दिली पाहिजे आणि नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवले पाहिजे. आधी ती दोन लाखांपर्यंतच्या कर्जांना होती, २००७ पासून सगळ्या कर्जांना आहे. म्हणून अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. "साहेब सुटीवर आहेत" म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती हीसुद्धा पोचच. आपल्यातल्या गोंड, माडिया, कोलाम भावांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा अर्ज शाखेने आपल्या पातळीवर नाकारायचा नाही, तो निर्णय वरच्या कार्यालयात व्हावा, असे रिझर्व्ह बँकेचेच सांगणे आहे. शाखेतल्या साहेबाला हसत हसत विचारा, "आमचा अर्ज वर गेला होता का?" बऱ्याचदा तो टेबलाच्या खणातच असतो.

दुसरे असे की, गहाण मुळात लागत होते का, हे बघा. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याआधी २०१९ पासून ही मर्यादा एक लाख साठ हजार होती. दीड लाखाच्या पीककर्जासाठी कोणी जमीन गहाण मागत असेल, तर तो अर्जच चुकीच्या खिडकीत गेला असे समजा.

आता कारणांकडे येऊ. आमच्याकडे जे कागद येतात त्यांत सर्वांत जास्त वेळा दिसणारे कारण म्हणजे बापाचे नाव. बाप जाऊन दहा वर्षे झाली तरी सातबारा त्याच्याच नावाने चालतो. पेरतो मुलगा, नाव मेलेल्याचे. बँक कर्ज कोणाला देणार? वारस नोंदीला वकील लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच यासाठी काढली होती. आणि एक सांगतो, राग मानू नका. वारसात बहिणींची नावे आली पाहिजेत. नावे लपवून केलेला फेरफार पुढे कोर्टात अडकतो आणि त्या अडकलेल्या जमिनीवर कोणतीच बँक पैसा देत नाही. माझ्या समोर बसलेल्या काही भावांनी आत्ता मान खाली घातली, ती आम्ही पाहिली.

दुसरे कारण ते सिबिल. पीककर्जाला सिबिलचा आग्रह धरू नका, असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे. तरी संगणकावर लाल रेघ दिसली की साहेब हात झटकतो. ही रेघ कुठून येते? कधी खरी थकबाकी असते. कधी २०१७ च्या किंवा २०१९ च्या कर्जमाफीत निघालेले खाते 'तडजोडीने बंद' असे चढलेले असते. कधी नावात साम्य असलेल्या भलत्याच माणसाचे कर्ज आपल्या नावावर चिकटलेले असते. हा अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. गावातल्या शिकलेल्या पोराला मोबाइलवर काढायला सांगा. चूक दिसली तर तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आणि चार बँकांचे 'नाहरकत दाखले' आणा असे कोणी म्हणाले, तर सांगा की खेड्यातल्या कर्जदाराकडून असा दाखला मागायचा नाही हे २०१५ सालीच ठरले आहे.

थकबाकी खरीच असेल तर मात्र नुसत्या भाषणाने ती जाणार नाही. तिथे पुनर्गठन मागावे लागते. अतिवृष्टी, दुष्काळ जाहीर झाल्यावर कर्जाचे हप्ते पाडून नवे पीककर्ज देण्याची तरतूद आहे, पण बँक ते घरी आणून देत नाही.

जंगलपट्ट्यातल्या भावांचा प्रश्न वेगळा आहे. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसाने जातो, पण विकता येत नाही आणि गहाणही ठेवता येत नाही. म्हणजे त्या पट्ट्यावर गहाणाचे कर्ज नाकारले तर बँकेची चूक नाही. आम्ही तर म्हणतो, ही अट कास्तकाराच्याच बाजूची आहे. जी जमीन गहाण पडत नाही ती लिलावातही जात नाही. पण त्या पट्ट्यावरच्या पिकासाठी पीककर्ज मागायला अडकाठी नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेत तोंडी बटईने करणारासुद्धा बसतो, मग पट्टेवाला का बसू नये? जिवतीच्या पहाडावरची गोष्ट याहून अवघड. मराठवाड्यातून येऊन तीन पिढ्या तिथे कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांची जमीन वनखात्याच्या नोंदीत अडकली, पट्टा नाही म्हणून पीककर्ज नाही. तिथे एकेकट्याने बँकेत खेटे घालून काही होणार नाही. तो जमिनीचा प्रश्न आहे, आणि तो तहसील-जिल्हाधिकारी कचेरीतच लढावा लागेल. तोवर बचत गट आणि संयुक्त देयता गट, म्हणजे चार-दहा जणांनी एकमेकांची हमी घेणे, हाच मार्ग आहे. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग दोन' लिहिले आहे म्हणून गहाण होत नाही असे कोणी सांगितले, तर ते खरे नाही. बँकेकडे आणि सोसायटीकडे गहाण ठेवायला महसूल कायद्याच्या कलम ३६ मध्ये मोकळीक आहे.

आता शेतकी शिकलेला माणूस म्हणून एक कडू गोष्ट बोलतो. काही नकार आपल्या भल्याचे असतात. तीन लाख रुपये बारा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर वर्षाला साधारण पासष्ट हजारांचा हप्ता येतो. कोरडवाहू कापूस एकरी पाच क्विंटल धरला आणि २०२५-२६ चा ८,११० रुपयांचा हमीभाव पूर्ण मिळाला, तरी दोन एकराचे ८१ हजार होतात. त्यातून बियाणे, खत, डवरणी आणि वेचणी काढा. हप्त्याला किती उरले? विहिरीचे पाणी दिवाळीनंतर टिकले, तरच हिशेब बदलतो. म्हणून अर्जाआधी शेजाऱ्याच्या विहिरीत जानेवारीत डोकावून बघा. अनुसूचित जमातीच्या कास्तकाराला बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आणि अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कास्तकाराला बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. २०२४ च्या निर्णयानंतर नव्या विहिरीला त्यात चार लाखांपर्यंत अनुदान आहे. अनुदानाला जमीन गहाण पडत नाही. आधी ते दार ठोठवावे, मग बँकेचे.

हातात पैसा नाही म्हणून सुगीतच माल फेकावा लागत असेल, तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे. तूर, सोयाबीन, धान गोदामात ठेवले की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. ज्वारीवरही मिळते. आपली समिती ती राबवत नसेल तर का नाही, हे सभापतीला सभेत उभे करून विचारा.

परत त्या टपरीवर येऊ. पैसा घ्यावाच लागला तर परवानाधारक सावकाराकडूनच घ्या, आणि त्याचा परवाना बघून घ्या. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याकडून तारणावर नऊ आणि विनातारण बारा टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. हे वर्षाला बरे! आपल्याकडे महिन्याला पाच टक्के सांगतात आणि आपण मान डोलावतो. काहीही झाले तरी खरेदीखतावर सही करू नका. "नुसतं नावापुरतं आहे" असे म्हणणारा दुय्यम निबंधकासमोर एक शब्द बोलत नाही. आदिवासी भावाची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला गहाणसुद्धा देता येत नाही. सही झाली असेल तरी सगळे संपत नाही. सावकारीतून गेलेली जमीन परत मिळण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. वरोऱ्याच्या भावाने तो केला आहे, तारखा चालू आहेत. त्याला पैसे दिल्याची चिठ्ठी, साक्षीदार आणि आजही वावर कोण वाहतो याचा पुरावा लागतो आहे. चिठ्ठी त्याच्या बायकोने पिठाच्या डब्यात जपून ठेवली होती, म्हणून ती सापडली.

बँकेने लेखी कारण दिलेच नाही, अर्ज दाबून ठेवला, तर आधी त्याच बँकेच्या वरच्या कार्यालयात तक्रार द्या आणि एक प्रत अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाला. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. फी नाही, माहितीसाठी १४४४८ हा फोन आहे. लोकपाल "याला कर्ज द्या" असा हुकूम काढणार नाही, तो बँकेचा धंद्याचा निर्णय समजला जातो. पण उत्तर न देणे, नियम सोडून कागद मागणे, याचा जाब तो विचारतो. एकट्याच्या तक्रारीपेक्षा एका शाखेविरुद्ध वीस जणांचे वीस अर्ज एकाच दिवशी गेले, तर फरक पडतो हे आम्ही पाहिले आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने नवा काढलेला सातबारा, आठ-अ आणि नकाराचा कागद घेऊन यावे. ज्यांना तोंडीच नकार मिळाला, त्यांनी कोणत्या तारखेला, कोणत्या शाखेत, कोण काय म्हणाले हे वहीत लिहून आणावे. इतर हक्कात भूविकास बँकेचे नाव ज्यांच्याकडे अजून दिसते आहे, त्यांनी दुपारचे जेवण झाल्यावर इकडे डाव्या बाजूच्या टेबलाशी थांबावे. त्यांचे अर्ज आज इथेच लिहून घेऊ.